डाव्या खांद्याची रायफल

आमच्या साताऱ्याच्या रेंजवर दर वर्षी नवी पोरं येतात आणि दर वर्षी तोच प्रश्न विचारतात. मोबाइलवर त्यांनी अमेरिकेतले नेमबाज पाहिलेले असतात. त्यांच्या हातातली ती काळी, अंगभर पट्ट्या आणि खाचा असलेली अर्ध-स्वयंचलित रायफल: एकदा चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपसूक तयार होते. "मॅडम, तिकडे बघावं त्याच्या हातात हीच. का बरं?" माझं उत्तर ठरलेलं होतं. फॅशन. दुसरं काय?

माझी सगळी नेमबाजी लाकडी दस्त्यावर झाली. खांद्याला टेकणारा अक्रोडाचा दस्ता, गुळगुळीत, हात फिरवावासा वाटणारा. रायफल जशी असेल तशी असेल, माणसानं मान वाकवावी, खांदा पुढे-मागे करावा आणि तिच्याशी जुळवून घ्यावं, हे मला शिकवलं गेलं आणि मीही पुढे तेच शिकवलं. हवे तसे भाग काढा-घाला करायच्या रायफली मला लहान मुलांच्या खेळण्यासारख्या वाटत. या दसऱ्याला मी पाच दिवस खानदेशात जाऊन आले आणि माझं मत बदलून आले. ते बदलण्यासाठी मला अमेरिकेला जावं लागलं नाही. जामनेर तालुक्यातलं पहूर पुरलं.

जळगाव

मला बोलावलं होतं छायानं. छाया जळगावला मेहरूणमध्ये राहते, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, वय चौतिशीचं. काही वर्षांपूर्वी पुण्याच्या एका शिबिरात ती माझ्या हाताखाली होती. उंचीनं बेताची, बोलायला कमी आणि अस्सल डावखुरी. त्या शिबिरात तिच्या वाट्याला क्लबची जुनी लाकडी एअर रायफल आली होती, आणि ती बनवली होती उजव्या हाताच्या, चांगल्या उंच्यापुऱ्या माणसासाठी. गालाला टेकायचा उंचवटा नको त्या बाजूला, मूठ उलट्या हाताची, दस्ता एवढा लांब की छायाचं कोपर सरळ व्हायचं. तरी ती नेम बरा धरायची. मी तिला म्हटलं होतं, "सवय होईल." सवय झाली नाही. निवड स्पर्धेत ती तीनदा उतरली आणि तिन्ही वेळा थोडक्यात राहिली.

स्टेशनवर तिनं माझी बॅग हिसकावून घेतली आणि "अक्का, प्रवास कसा झाला?" असं विचारलं. साताऱ्यात मी मॅडम असते. इथे गाडीतून पाय खाली ठेवला आणि अक्का झाले. मला ते आवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मेहरूण तलावावर चक्कर मारली. सकाळ म्हणायची ती घड्याळात. ऑक्टोबरात आमच्याकडे पहाटे अंगावर काहीतरी घ्यावं लागतं, इथे सूर्य उगवला की लगेच कामाला लागतो. तलावाच्या कडेनं चालणारी माणसं मात्र निवांत. दोघं ओळखीचे भेटले की चालणं थांबवून, कमरेवर हात ठेवून आख्ख्या गल्लीची चौकशी करतात. छायाला तिघींनी अडवलं आणि तिघींनी माझी जात सोडून सगळं विचारून घेतलं.

मग ती मला क्लबवर घेऊन गेली. एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये यांची दहा मीटरची रेंज आहे. कापूस गेला, वास राहिला. तिथे तिनं पेटी उघडली आणि क्लबनं यंदा घेतलेली नवी रायफल दाखवली.

"ही रायफल आहे की सायकलचं दुकान?" मी म्हटलं.

छाया हसली. पण वर्णन काही चुकीचं नव्हतं. मध्ये ॲल्युमिनियमचा एक कणा, आणि बाकी सगळं त्याला स्क्रूनं जोडलेलं. गालाची पट्टी वर-खाली होते, खांद्याला टेकणारी पाटी मागे-पुढे होते, मूठ वळते. पेटीत दोन मुठी होत्या, एक डाव्या हाताची आणि एक उजव्या. छर्रा भरायची खीळ कुठल्या बाजूनं ओढायची तेसुद्धा बदलता येतं. सोबत एल आकाराच्या चार-पाच चाव्या. कारागीर नको, कारखाना नको. छायानं आठवड्यामागून आठवडे खपून ही रायफल आपल्या अंगाला बसवली होती, आणि प्रत्येक भाग नेमका कुठे हवा तिथे लाल चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावले होते. मोजपट्टीवर आकडे कोरलेले होते, पण ते तिनं कधी पाहिलेसुद्धा नव्हते. तिचा सगळा भरवसा त्या लाल तुकड्यांवर.

"अक्का, आयुष्यात पहिल्यांदा रायफल माझ्याकडे आली," ती म्हणाली. "नाहीतर दर वेळी मीच तिच्याकडे जायची."

तीन दिवसांनी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, धुळ्याला निवड स्पर्धा होती. क्लबचा नियम साधा होता. रायफल एक आणि मागणारे चार. जो राज्य स्पर्धेसाठी पात्र ठरेल त्याच्याकडे ती वर्षभर राहणार. छाया पात्र ठरली नाही तर रायफल दुसऱ्याकडे जाणार, आणि छाया परत त्या लाकडी, परक्या खांद्याच्या रायफलीकडे. "मग मी सोडून देईन," ती म्हणाली. रडून नाही, तक्रारीनं नाही. दुकानात एखादं औषध संपलंय हे सांगावं तसं सांगितलं.

इथे एक सांगायला हवं. एअर रायफल आणि ती अमेरिकेतली रायफल यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आमची हवेवर चालते, एका वेळी एकच छर्रा घेते आणि कागद फाडते. तिकडची खरी गोळी झाडते. तिनं तिथल्या शाळांमधून, बाजारांमधून काय अनर्थ केले ते सर्वांनी वाचलं आहे. आपल्याकडे तसलं हत्यार सामान्य माणसाला मिळत नाही आणि ते योग्यच आहे, यावर मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. पण रेंजवरच्या नेमबाजांना ती का आवडली हा प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर अनर्थाच्या बातम्यांत सापडत नाही. मला वाचून एवढं माहीत होतं की तिचे वरचा आणि खालचा असे दोन मुख्य भाग दोन खिट्ट्यांवर जोडलेले असतात, धक्का कमी बसतो, सैन्यातून परतलेल्यांच्या हाताला तिची ओळख असते, आणि पुष्कळ कारखाने एकमेकांशी जुळणारे सुटे भाग बनवतात. हे सगळं मी पाठ म्हणून दाखवू शकले असते. तरी उत्तर फॅशन हेच देत होते, कारण वाचलेलं अजून पटलं नव्हतं.

पहूर, खंडेनवमी

सण छायाच्या माहेरी करायचा आणि पहूरहूनच धुळ्याला निघायचं असं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीनं नेरीमार्गे निघालो. रायफलीची पेटी मांडीवर आडवी घेऊन छाया बसली होती आणि कंडक्टरनं "हार्मोनियम का?" म्हणून विचारलं. तिनं हो म्हणून टाकलं. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मध्येच केळीच्या बागांचा गर्द हिरवा पट्टा. आमच्याकडे शेत म्हणजे चढ-उतार. इथे काळी जमीन सपाट पसरलेली, नजर कशालाच अडत नाही. डोंगर बघत वाढलेल्या माणसाला पहिले काही तास जरा उघड्यावर आल्यासारखं वाटतं.

छायाचे वडील, नाना, अंगणातच होते. सडपातळ, पांढरी टोपी, हात मात्र मेकॅनिकचे. ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, पाण्याची मोटर, सगळं स्वतः उघडतात, स्वतः बसवतात. अंगणात गोणपाटावर घरातलं झाडून सारं लोखंड मांडलं होतं: विळे, कोयते, वखराची पास, पाने, पक्कडी, आईचं शिलाई मशीन. साताऱ्याकडेही आम्ही खंडेनवमीला हत्यारं पुजतो, पण वरवर पुसून, हळदकुंकू लावून मोकळे होतो. नानांच्या घरची रीत कडक. जे पूजेला बसेल ते सुटं करून, आतून-बाहेरून साफ करून, पुन्हा बसवून मगच देवापुढे. कशाला वंगणाची पपडी नको, कशाला चिंधी गुंडाळलेली नको, काही चिकटलेलं नको.

छायानं पेटी ओसरीवर ठेवली. "नाना, हे बी ठेवशान का पूजेत?" तिनं जरा दबकत विचारलं.

नानांनी पेटीकडे पाहिलं. "ठेव तठी," ते म्हणाले.

एवढंच. पण छायाचा चेहरा उजळला. मला कारण नंतर कळलं. पोरगी बंदूक चालवते हा नानांच्या लेखी इतकी वर्षं एक खेळ होता, भातुकलीसारखा. दर खंडेनवमीला तिनं विचारायचं आणि त्यांनी "ते काय कामाचं हत्यार हाये का?" म्हणून बाजूला सारायचं. यंदा पहिल्यांदा ते हो म्हणाले होते.

आई स्वयंपाकात होती, तिनं आम्हाला हात लावू दिला नाही. तेव्हा आम्ही दोघी शेताकडे फिरायला गेलो. छायानं मला कापूस वेचायला शिकवलं, मी बोटं ओरबाडून घेतली, ती हसली. ऊन चढल्यावर परतलो. नारळ फुटला होता. ओसरीवर पाटावर सगळी हत्यारं ओळीनं मांडलेली, झेंडूच्या माळा, हळदकुंकू, उदबत्तीचा धूर. आणि मधोमध, सगळ्यांत मानाच्या जागी, रायफल. चकाचक. तिच्यावर लाल चिकटपट्टीचा एक कपटाही नव्हता.

आधी वाटलं, पट्ट्या तेवढ्या गेल्या. मग नीट पाहिलं. मूठ उजव्या हाताची होती. गालाची पट्टी दुसऱ्या बाजूला. खीळ उजवीकडे. नानांनी पेटीतल्या चाव्या घेऊन रायफल पार कण्यापर्यंत सुटी केली होती, एकेक भाग पुसला होता, आणि परत जोडली होती उजव्या हाताच्या माणसासाठी.

"पाण्यानं नाही धुतली बरं," ते अभिमानानं म्हणाले. "तेवढं मले समजतं. फडक्यानं पुसली. बठ्ठं साफ केलं. अन् कोणीतरी उलटी बसवेल व्हती, ते सुलट केलं. ती मूठ माह्या हातात बसेचना. दुसरी लावली, बसली."

छाया पदरानं कपाळ पुसत उभी राहिली. मी म्हटलं, परवा सकाळी स्पर्धा आहे, ही रायफल आत्ताच्या आत्ता परत लावायला हवी. मी पेटीकडे वळलेसुद्धा.

"ताई," नाना म्हणाले. आवाज चढवला नाही. "देवापुढं बसलं ते उद्या दुपारी उठन. तवरक हात नाही लावत आम्ही. ट्रॅक्टर बी उभा हाये पाहा."

खरंच उभा होता, माळ घालून. शेजारचा कोणी पाना मागायला आला होता, त्यालाही आईनं उद्या ये म्हणून परत पाठवलं. मी संतापले होते. निवडीच्या आधीचा एक पूर्ण दिवस सराव नाही, आणि रायफल कोऱ्या पाटीसारखी. मी छायाला अंगणात बाजूला घेतलं. म्हटलं, "वडिलांना समजाव. ऐकतील. नाही ऐकले तर मी उचलते, पाप मला लागू दे."

"नको, अक्का." तिचे डोळे भरले होते, पण आवाज ठाम होता. "त्यांनी पहिल्यांदाच माझं हत्यार वखराशेजारी ठेवलंय. ते मी कसं उचलू?"

मी आत जाऊन पानावर बसले. जेवणात मांडे नव्हते, ते दसऱ्याला. जे होतं ते मी रायफलीच्या पाटाकडे पाठ करून जेवले.

पहूर, दसरा

मांडे कसे होतात ते मी पहिल्यांदा पाहिलं. आमची पुरणपोळी पोळपाटावर लाटायची. इथे आईनं पुरण भरलेला गोळा हातावर घेतला, दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत रुमालाएवढा केला आणि पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडला. फाटला नाही. मी एक करून पाहिला, तो चुलीत गेला. सोबत तूप, दूध आणि झणझणीत आमटी, तिला इथे रसोई म्हणतात. तिखटाचं मला कौतुक सांगू नका असं मी आल्यापासून सांगत होते. रसोईच्या दुसऱ्या वाटीला मी पाणी मागितलं आणि आईनं काही न बोलता तूप वाढलं.

दुपारी मुहूर्त झाला. नानांनी आपट्याची पानं हत्यारांवर वाहिली, नमस्कार केला आणि एकेक वस्तू पाटावरून उचलून ज्याची त्याच्या हाती दिली. रायफल दोन्ही हातांनी उचलून छायापुढे धरली. "घे व माय, तुहं सोनं."

तिनं खांद्याला लावली. डाव्या. मूठ तिच्या हाताबाहेर वळलेली, गालाला आधार नाही, मान सारसासारखी ताणलेली. पुण्याच्या शिबिरातली छाया जशीच्या तशी माझ्यासमोर उभी होती. नाना बघत होते.

"अवं, तू ही उलटी काऊन धरतं?"

"नाना," छाया म्हणाली, "माहं सुलट हेच हाये."

नानांना हे माहीत नव्हतं असं नाही. पोरगी डावखुरी, हे घरात सगळ्यांना माहीत. लहानपणी त्यांनीच तिचा डावा हात ताटावरून, पाटीवरून, विळ्यावरून उजवीकडे सारला होता, रागावून नाही, पोरीचं भलं व्हावं म्हणून. छायानंच मला ते सांगितलं होतं. खाणं आणि लिहिणं उजव्या हाताला शिकलं, नेम शिकला नाही. नाना मग पेटीपाशी बसले आणि चाव्या काढल्या. "सांग," ते म्हणाले. "कुठं काय लावू?"

ती दुपार मी विसरणार नाही. गुरं बाहेर बांधून आम्ही गोठ्याची लांबी घेतली, पलीकडच्या दगडी भिंतीला छर्रे अडवायची लोखंडी पेटी टांगली, अलीकडे छाया. मला पद्धत माहीत होती. डोळे मिटायचे, रायफल जिथे अंगाला सहज बसेल तिथे बसवायची, डोळे उघडायचे. डोळा सरळ नेमाच्या भोकात गेला तर ठीक, नाही तर माणूस हलवायचा नाही, भाग हलवायचा. मी सांगायचे, छाया डोळे मिटायची, नाना चावी फिरवायचे. "अजून वरती का? केसभर? घे केसभर." मूठ बदलली, खीळ डावीकडे आली, गालाची पट्टी फिरली. पाटी छायाच्या खांद्याच्या खळगीत बसेपर्यंत नानांनी ती किती वेळा सैल केली आणि आवळली, ते मोजायच्या भानगडीत मी पडले नाही. ट्रॅक्टरचा माणूस, पण चावीचा हात एवढा हलका की मी चकित झाले.

आणि तिथेच, शेणाच्या आणि सरकीच्या वासात, माझ्या पोरांच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. माणसं वेगवेगळ्या मापाची असतात. कोणी उंच, कोणी बुटकं, कोणी डावं, कोणाचा खांदा मोडून सांधलेला. जुनी रायफल त्या सगळ्यांना एकाच मापात कोंबायची, आणि जो मावला नाही त्याला आम्ही म्हणायचो, तुझ्यात दम नाही. सुट्या भागांची रायफल म्हणते, तू जसा आहेस तसा उभा राहा, मी बदलते. आणि ते बदलायला कारागिराच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत, घरच्या ओसरीवर घरचा माणूस करू शकतो. तिकडच्या नेमबाजांनी ती उचलून धरली त्यात फॅशन होतीच, पण फॅशननं कोणी एवढी वर्षं एकच वस्तू धरून ठेवत नाही. तिच्या याच सोयीनं नानांनी खंडेनवमीला आमची वाट लावली होती, आणि याच सोयीनं आता सगळं सावरलं जात होतं.

पहिले छर्रे कागदाच्या कडेला लागले. मग आत सरकले. उन्हं उतरली तेव्हा छायानं एक कागद काढून माझ्या हातात दिला, भोकं एकमेकांत मिसळलेली. "जवळजवळ तसंच," ती म्हणाली. जवळजवळ. मी तो शब्द ऐकला आणि तिला काही म्हटलं नाही. यावेळी मोजपट्टीवरचे आकडे मात्र मी तिच्याकडून पाठ करून घेतले.

धुळे

पहाटे निघालो तेव्हा नाना धुतलेली टोपी घालून जीपमध्ये आधीच बसले होते. कोणी त्यांना बोलावलं नव्हतं. एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचलो. एका शाळेच्या सभागृहात रेंज लावली होती. दारात चहा देणाऱ्या आजीबाईंनी नानांना विचारलं, "तुम्हनी पोर शे का ती? बंदूकवाली?"

"माहीच," नाना म्हणाले, आणि दोन चहा घेतले. पहूरची बोली आणि धुळ्याची अहिराणी ऐकायला वेगळ्या, पण दोघांचं पाच मिनिटांत असं जमलं की मला मधलं निम्मं कळलं नाही.

स्पर्धा सुरू झाली. प्रेक्षकांत मी आणि नाना शेजारी. पहिली फैर वाईट गेली. छर्रे एकामागून एक डावीकडे. छायाचा चेहरा काही सांगत नव्हता, पण मला पाठीमागून दिसत होतं की ती मान किंचित झुकवायला लागली आहे. जुनी खोड. रायफलीकडे जायची खोड. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण ते चालत नाही.

मग तिनं रायफल खाली ठेवली. वेळ पळत होता. तिनं खिशातून चावी काढली, गालाच्या पट्टीचा स्क्रू चाचपला, तो सैल झाला होता. आकडा पाहिला, पट्टी जागेवर आणली, आवळली. पुन्हा उचलली. डोळे मिटले, उघडले. त्यानंतर तिची मान हलली नाही. एकामागून एक छर्रा मधल्या काळ्या ठिपक्यात जात राहिला, आणि माझ्या शेजारी नाना प्रत्येक आवाजाला नुसतं "हां" म्हणत राहिले.

निकालाचा कागद भिंतीवर लागला. छाया पात्र ठरली होती, शेवटून दुसरी. किती थोडक्यात ते मी सांगत नाही. मी तिला मिठी मारली आणि भर सभागृहात रडले, लाज वाटली नाही. रायफल वर्षभर तिची झाली. बाहेर एका ढाब्यावर शेवभाजी खाल्ली, लालभडक तर्रीची, आणि या खेपेला पाणी मागितलं नाही.

परत सामान घ्यायला सभागृहात आलो तेव्हा रेंज रिकामी होत होती. नाना नेमबाज उभे राहतात त्या रेषेपाशी उभे होते. त्यांनी छायाला विचारलं, "मले एक उडवता येईन का?"

पंचांनी मान डोलावली. छायाला एवढा आनंद झाला की ती लगेच पेटी उघडून बसली, चाव्या काढल्या, उजव्या हाताची मूठ काढली. "थांबा नाना, तुमच्या मापाची करते. पाच मिनिटं."

"राहू दे," नाना म्हणाले.

"अहो, तुम्हाला नाही बसणार अशी."

"राहू दे म्हटलं ना. तुही हाये तशीच दे."

त्यांनी रायफल घेतली आणि डाव्या खांद्याला लावली. मूठ त्यांच्या बोटांत येईना. गाल पट्टीवर टेकेना. उजवा डोळा मिटायचा का डावा, तेच कळेना. मान तिरकी झाली, कोपर हवेत लोंबकळलं, टोपी सरकली. छर्रा सुटला तो कागदाला लागलाच नाही. पंच हसले. नाना हसले नाहीत. त्यांनी रायफल हळूच खाली घेतली, तिच्याकडे पाहिलं, मग पोरीकडे.

"इतकी वर्सं," ते म्हणाले, "तुले असं व्हत व्हतं?"

छायानं मान हलवली, हो म्हणून. नानांनी रायफल तिच्या डाव्या हातात दिली.